सरपंच ताई, कंपाउंड चोरासाठी असते, लेकरासाठी नाही

प्रति,
सरपंच ताई, उपसरपंच भाऊ, सचिव साहेब, ग्रामपंचायतीचे सगळे मेंबर, अन् आमच्या शिवारातले फार्महाऊसचे मालक लोक

नमस्कार जी.

फार्महाऊसच्या स्विमिंग पूलभोवती कुंपण पाहिजे म्हणून अर्ज दिला होता, पोच घेतली होती, १ मेच्या ग्रामसभेत उभी राहून बोलली पण होती. तेव्हा "विषय पत्रिकेवर नाही, पुढच्या वेळी पाहू" असं उत्तर भेटलं. ते पाहायचं राहूनच गेलं अन् मधल्या मासिक सभेत नाल्यापल्याडच्या नव्या लेआउटला ना-हरकत देऊन पण झालं, ज्याच्या जाहिरातीच्या कागदावर मोठ्या अक्षरात छापून आहे का प्रत्येक प्लॉटवर स्वतःचा स्विमिंग पूल. पूलभोवती जाळी लागेल, गेट लागेल, असं एक वाक्य त्या ना-हरकतीत नाही. मी नक्कल काढून वाचली. म्हणून आता हे उघड लिहून राहिली, चारचौघांनी वाचावं म्हणून.

पहिले सांगून देते, मी पूलच्या विरोधात नाही. मे महिन्यात आपल्याकडे ४५-४६ डिग्री होते, ज्याला परवडते त्यानं पाण्यात बसावं, माझं काय जाते. नागपूरवाल्यांनी संत्र्याच्या बागा तोडून फार्महाऊस केले याचं वाईट वाटते पण तो वेगळा विषय आहे, इकणारे आपलेच लोक होते. माझं म्हणणं फक्त पाण्याच्या काठाबद्दल आहे.

माझं वावर नाल्याला लागून, थोडा संत्रा, बाकी कपाशी अन् तूर. पूर्वेच्या धुऱ्याला लागून दोन फार्महाऊस झाले, दोन्हीत पूल. मालक शनिवार-रविवारी येतात, कधी महिना महिना येत नाहीत, कधी वाढदिवसाच्या पार्टीला भाड्यानं देतात. पण तिथं रोज राहते कोण? चौकीदार, त्याची बायको अन् लेकरं. एका ठिकाणचं कुटुंब छिंदवाड्याकडून आलेलं, टिनाची एक खोली, अन् खोलीच्या दारातून पूलचा काठ दहा पावलांवर. मधात काहीच नाही. फरशी, कुंड्या, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या अन् पाणी.

मागच्या उन्हाळ्यात मी तिथं वांगे द्यायला गेली होती, ती बाई आमच्याकडूनच भाजी घेते. ती आदल्या रात्रीच्या पार्टीचे कागदी प्लेट उचलून राहिली होती, तिचा नवरा गेटवर टँकरवाल्याशी बोलत होता. लहानगं तीन वर्षांचं. पार्टीतलं हवा भरलेलं पिवळं बदक पाण्यात तसंच सोडलेलं, त्याला ओढायला ते गेलं असेल. मी दोरीवरचे कपडे पडले समजली, खरं सांगते, पाण्यावर लाल बनियनची पाठ तेवढी दिसत होती. ना ओरडणं, ना पाणी उडालं. त्याच्या मायनं साडीसकट उडी टाकली तर पाणी तिच्या कमरेएवढंच होतं. तिच्या कमरेएवढं अन् त्याच्या डोक्यावरून. बाहेर काढल्यावर टँकरवाल्यानं त्याचे पाय धरून उलटं केलं अन् गरगर फिरवलं, आपल्याकडे सगळे तेच करतात. नशीब चांगलं, ते खोकललं, रडलं. ग्रामीण रुग्णालयात रात्रभर ठेवलं अन् घरी आलं. कुठं नोंद नाही, बातमी नाही, कारण मेलं नाही.

त्यानंतर मालकानं काय केलं तर पूलजवळ पाटी लावली. "नो लाइफगार्ड, स्विम ॲट युवर ओन रिस्क." तीन वर्षांच्या लेकरासाठी, इंग्रजीतून.

आता मला पंचायतीत अन् मालक लोकांकडून जे जे उत्तर भेटले त्याच्याबद्दल बोलते.

सगळ्यात जास्त ऐकलं ते हे का "ताई, सात फुटाचं कंपाउंड आहे, वर काचा लावल्या आहेत, गेट आहे, अजून काय पाहिजे." सरपंच ताई, तुम्ही पण सभेत हेच म्हटलं. माझी सगळी तक्रार इथंच आहे. कंपाउंड बाहेरच्यासाठी असते. चोर, ढोरं, रानडुक्कर, रोही, गावातले टवाळ पोट्टे यांच्यासाठी. पण बुडायचा धोका ज्याला सगळ्यात जास्त, ते लेकरू तर कंपाउंडच्या आत झोपते, आत खेळते, आत जेवते. चौकीदाराचं लेकरू आत, मालकाची नात आत, पार्टीला आलेल्या पाहुण्याचं लेकरू आत. हे म्हणजे दूध वाचवाले घराला कुलूप लावलं अन् मांजर घरातच ठेवली.

जाळी पाहिजे ती घर अन् पाणी यांच्या मधात. पूलच्या चारही बाजूनं. ज्या देशांत घरोघरी पूल आहेत तिथले लोक हे लेकरं गमावून शिकले. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साऊथ वेल्स राज्यात १९९२ चा कायदाच आहे स्विमिंग पूलचा, अन् तो फक्त मोठ्या पूलसाठी नाही, ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी धरणाऱ्या पूलला लागू होते. फूटभर पाणी म्हणजे आपल्या ढोराच्या टाक्यापेक्षा कमी. न्यूझीलंडमध्ये १९८७ पासून कुंपणाचा कायदा आहे अन् आता तिथं स्थानिक परिषदेच्या माणसाला दर तीन वर्षांनी जाऊन घरचा पूल तपासावा लागते. फ्रान्सनं २००३ मध्ये कायदा केला, तिथं कुंपण, मजबूत झाकण, अलार्म किंवा वरून बंद शेड यातलं एक तरी पाहिजेच. अन् अभ्यास करणाऱ्यांनी घर धरून तीन बाजूचं कुंपण अन् फक्त पूलभोवती चार बाजूचं कुंपण असं ताडून पाहिलं तर चार बाजूचंच जास्त लेकरं वाचवते असं निघालं. कारण साधं आहे, तीन बाजूच्या कुंपणात घराचा मागचा दरवाजा पाण्यावरच उघडते.

अन् कुंपण म्हटल्यावर आपण काय करू ते मला माहीत आहे, चेनलिंक जाळी मारून देऊ, स्वस्त पडते. चेनलिंकच्या भोकात लेकराच्या पायाची बोटं बरोबर बसतात, ते पायरीसारखं चढते. ऑस्ट्रेलियाच्या मानकात कुंपण कमीत कमी १.२ मीटर उंच, म्हणजे चार फूट, दोन गजांमधलं अंतर १० सेंटिमीटरच्या वर नाही, खालून पण तेवढीच फट. गज उभे, आडव्या पट्ट्यांवर पाय ठेवून चढता येऊ नये असे. कुंपणापासून ९० सेंटिमीटरच्या आत चढता येईल अशी वस्तू ठेवायची नाही. आपल्याकडे म्हणजे कूलर, बाज, प्लॅस्टिकची खुर्ची, कुंडी, उलटी ठेवलेली बादली. हे सगळं आज त्या दोन्ही पूलच्या काठावर आहे, मी जाऊन पाहिलं म्हणून सांगून राहिली.

गेटचं तर अजून बारीक आहे अन् मला तेच सगळ्यात पटलं. गेट पाण्याकडे नाही, पाण्यापासून दूर, बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे. काहून? खटका बसला नसंल तर आत जाऊ पाहणारं लेकरू गेट ढकलते, अन् ढकललं का ते बंदच होते. सोडलं का स्प्रिंगनं आपोआप लागलं पाहिजे, खटका आपोआप बसला पाहिजे, अन् खटका दीड मीटरवर, लेकराच्या हाताला पुरणार नाही इतक्या वर. यात कुठली आकाशातली टेक्नॉलॉजी आहे? बँकेच्या दाराला असते तसं स्प्रिंग अन् एक खटका. आपल्या तालुक्यातला कोणताही वेल्डिंगवाला हे करून देईल. निळी टाइल, फिल्टर, मोटर, रात्रीचे रंगीत लाइट एवढं सगळं करणाऱ्या माणसाला हे जड आहे असं मला कोणी सांगू नये.

दुसरं उत्तर, "लक्ष ठेवायला माणूस असते." असते, मान्य. वर सांगितलेल्या दिवशी तिथं चार मोठी माणसं होती, माझ्यासकट. बुडणारं लहान लेकरू सिनेमातल्यासारखं हात हलवून वाचवा वाचवा करत नाही, त्याला श्वासच घेता येत नाही तर ओरडेल कशानं. एक फोन उचलून बोलेपर्यंत काम होऊन जाते. अन् पार्टीच्या दिवशी तर विचारूच नका, वीस जण काठावर असले का प्रत्येकाला वाटते दुसरा पाहून राहिला, त्यात अर्ध्यांच्या हातात ग्लास. माणूस पाहिजेच, पण त्याचं लक्ष चुकलं तर मधात काही तरी उभं पाहिजे.

तिसरं उत्तर, शेडनेट टाकून झाकून ठेवू, मालक नसताना. कृपा करून असं करू नका. हिरवी नेट पाण्यावर अंथरली का लेकराला ती जमीन वाटते, अन् खाली गेलं का नेटच्या खाली, वरून दिसत पण नाही. झाकण म्हणजे माणूस वर उभा राहिला तरी न धसणारं, चारी बाजूनं पक्कं बांधलेलं. ते नसंल तर नेट उघड्या पाण्यापेक्षा वाईट.

चौथं उत्तर सचिव साहेबांचं, "आमच्या अधिकारात नाही, नगररचनेचं काम आहे." तिकडे गेली तर ते म्हणाले अशी अट टाकायची आमच्याकडे पद्धत नाही, पंचायतीला विचारा. ठीक आहे जी, मी कायदेपंडित नाही, सातवी शिकलेली बाई आहे. पण ग्रामपंचायत अधिनियम १९५८ मध्ये बांधकामावर नियंत्रणाचं कलम ५२ आहे हे मला बचत गटाच्या ट्रेनिंगमध्येच सांगितलं होतं, अन् ना-हरकतीवर सही-शिक्का पंचायतीचाच आहे. सही तुमची असंल तर तिच्या वर एक ओळ अजून लिहायला कोण अडवते? फार्महाऊसचा घरटॅक्स तुम्ही घेता, नमुना ८ ला, म्हणजे घरटॅक्सच्या रजिस्टरात, त्याची नोंद तुम्ही करता. टॅक्ससाठी ते बांधकाम तुमचं, अन् लेकरू बुडालं का नगररचनेचं, असं कसं.

अन् सरपंचाकडे असं काम कधी आलंच नाही असंही नाही. बोअरवेलचं आठवा. २००६ मध्ये हरियाणात बोअरमध्ये पडलेलं पोट्टं आख्ख्या देशानं टीव्हीवर पाहिलं, ते वाचलं, त्यानंतरचे कितीक वाचले नाहीत. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टानं सूचना दिल्या, बोअर मारताना भोवती काटेरी तार किंवा दुसरा अडथळा पाहिजे, केसिंगच्या पाइपभोवती सिमेंटचा ओटा पाहिजे, पडीक बोअर जमिनीपर्यंत भरून बंद पाहिजे. अन् खेड्यात याच्यावर देखरेख कोणी करायची? सरपंच अन् कृषी विभागाचा अधिकारी. म्हणजे उघड्या खड्ड्यात लेकरू पडू नये हे पाहणं सरपंचाच्या कामात आधीपासून बसते. नऊ इंचाच्या भोकासाठी बसते तर तीस फुटाच्या पूलसाठी काहून नाही बसत?

आता राहिलं शेवटचं, जे उपसरपंच भाऊनं सभेत हसत हसत म्हटलं अन् लोकही हसले, "ताई, तुमच्या वावरात पण शेततळं आहे, पहिले ते पाहा." बरोबर बोलले भाऊ, मी राग नाही धरला. आमचं शेततळं ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल, आत ५०० मायक्रॉनची प्लॅस्टिकची पन्नी. भाऊ, या कधी, दाखवते. चारी बाजूनं कुंपण आहे, गेटला कुलूप आहे, अन् चारही काठावरून गाठी मारलेले जाड दोर आत सोडून आहेत, एका दोराला हवा भरलेली ट्यूब. कारण पन्नीवर शेवाळ धरलं का तिथं पोहणारा गडी पण वर येऊ शकत नाही, हाताला धरायलाच काही नसते, पाय ठेवला का सरकते. पोहता येणारे लोक शेततळ्यात मरतात ते यासाठी. आपल्या मामा तलावांना, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावांना, अन् बोड्यांना, म्हणजे लहान तळ्यांना, उताराचा मातीचा काठ असते, ढोर पण चालत बाहेर येते. पन्नीचं शेततळं तसं नाही.

पण भाऊचा मुद्दा मी पुढं नेते. २०१६ ला मागेल त्याला शेततळे आलं, तेव्हा ५० हजार होते, आता नव्या योजनेत ७५ हजारांपर्यंत भेटते. चांगली गोष्ट आहे, त्याच पाण्यावर माझा संत्रा उभा आहे. पण आपल्या शिवारात फिरा, किती शेततळ्यांना कुंपण आहे ते पाहा. रानडुकरासाठी झटका मशीन लावलेली दिसेल, तुरीभोवती जुन्या साड्या बांधलेल्या दिसतील, अन् मधातलं पाणी उघडं. वेचणीच्या दिवसांत बाया लेकरं घेऊन वावरात येतात, अंगणवाडी दुपारी सुटते, मग दहा वर्षांच्या बहिणीच्या कडेवर दोन वर्षांचा भाऊ अन् माय ओळीत कापूस वेचून राहिली. त्या बहिणीनं पाहायचं तरी किती. म्हणून माझी मागणी मालक लोकांपुरती नाही, आम्हा शेतकऱ्यांसाठी पण आहे, कोणी असं समजू नये का ही बाई पैसेवाल्यांवर जळते.

आकडे पाहिजे असतील तर, जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून मेली, त्यात जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालची लेकरं. आपल्या देशात वर्षाला ३८ हजारांच्या आसपास. केंद्राच्या आरोग्य खात्यानं डिसेंबर २०२३ मध्ये बुडण्याचे मृत्यू कमी करण्यासाठी आराखडा काढला. अन् त्या संघटनेनं जे उपाय सांगितले त्यात पाण्याभोवती अडथळा उभा करणं अन् लहान लेकरांना पाण्यापासून दूर सांभाळायची जागा देणं हे आहे. दोन्ही गोष्टी ग्रामपंचायतीच्या आवाक्यातल्या आहेत, दिल्लीला जायची गरज नाही.

तर माझ्या मागण्या अशा, सरळ लिहिते.

येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेच्या पत्रिकेवर हा विषय टाका, नोटीस बोर्डावर लावा. तिथं ठराव घ्या का यापुढं फार्महाऊस, लेआउट, होमस्टे, काही असो, पूलभोवती चारही बाजूनं वेगळं कुंपण अन् आपोआप लागणारं गेट नकाशात दाखवल्याशिवाय पंचायत ना-हरकत देणार नाही, अन् प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय नमुना ८ ला नोंद करणार नाही. नाल्यापल्याडच्या लेआउटचं काम अजून पायव्यातच आहे, त्याला आताच पत्र द्या, नंतर तोडफोड करायची वेळ येऊ नये.

जे पूल झाले आहेत त्यांची यादी करा, मालकांना लेखी कळवा अन् मुदत द्या. मुदत दिवाळीपर्यंत द्या, थोडं मागंपुढं झालं तरी पुढच्या मार्चच्या आत कुंपण उभं पाहिजेच, कारण ऊन तापलं का पूल भरतात. तोपर्यंत ज्यांच्याकडे चौकीदाराचं लहान लेकरू आहे त्यांनी निदान खोलीच्या दारासमोर आडवं फाटक बसवावं अन् पूलमधले बदक-बॉल-ट्यूब रात्रीच काढून ठेवावे. याला ठराव लागत नाही.

शेततळ्यासाठी पंचायतीनं तालुका कृषी अधिकाऱ्याला ठराव पाठवावा का अनुदानात कुंपण अन् दोराचा खर्च धरा, अन् त्याचा फोटो आल्याशिवाय शेवटचं बिल काढू नका. झालेल्या शेततळ्यांना दोर अन् ट्यूब तर उद्या टाकता येतात, जुनी ट्यूब पंक्चरवाला फुकट देते.

वेचणीच्या हंगामात अंगणवाडीनंतर लेकरांना बसवायला समाजमंदिर उघडं ठेवा. आमच्या गटातल्या बाया पाळीपाळीनं बसायला तयार आहेत, मी विचारून लिहून राहिली. पंचायतीनं फक्त चावी, पाणी अन् पंख्याचं बिल पाहावं.

अन् प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडमना बोलवून एक दिवस गावात शिकवणी ठेवा, बुडालेल्याला उलटं टांगून फिरवायचं नाही, पोट दाबायचं नाही, श्वास नसंल तर आधी तोंडानं श्वास द्यायचा, मग छाती दाबायची, ३० वेळा दाबणं अन् २ श्वास, अन् कोणीतरी तेवढ्यात १०८ ला फोन लावायचा. चौकीदार लोकांना अन् टँकरवाल्यांना यात पहिले बसवा.

मालक लोकांना वेगळं काही लिहीत नाही. तुमच्यातल्या एकानं मला फोनवर विचारलं का असा नियम आपल्या देशात कुठं आहे ते दाखवा, मग लावतो. भाऊ, नियम लागेपर्यंत थांबायचं असंल तर थांबा, पण मग मधात पार्टीला पूल भाड्यानं देऊ नका.

सरपंच ताई, विषय पत्रिकेवर घ्यायचा नसंल तर तसं कारणासकट लेखी द्या. अर्जाची पोच माझ्याजवळ आहे, ते पत्र भेटलं का दोन्ही कागद घेऊन मी पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्याकडे जाते. घेतला तर नोटीस लागली का मला कळवा, बाया घेऊन येणं माझ्याकडे.

आपली,
नाल्याकाठच्या वावरातली शेतकरी बाई